‘कॉशिगी’ला विभक्ती का लागते?

प्रश्न : मी कोरियन शिकते. सोलमधल्या मालिका बऱ्यापैकी समजतात, पण ग्वांगजू-मोक्पोकडची पात्रं सारखी ‘कॉशिगी’ म्हणतात. हे नुसतं पालुपद आहे का? मी वापरलं तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पालुपद आहे, पण तेवढंच नाही. शब्द आठवेना किंवा उघड बोलायचं नसलं की जॉल्ला प्रांतात, म्हणजे ग्वांगजू-मोक्पोच्या भागात, ‘कॉशिगी’ म्हणतात. प्रमाण कोरियनच्या शब्दकोशातही तो आहे, सर्वनाम म्हणून आणि उद्गार म्हणूनही. जॉल्लाचा शिक्का वापरामुळे बसला. 2003च्या ‘ह्वांगसानबॉल’ या विनोदी चित्रपटात तर जॉल्लाची बोली बोलणाऱ्या शत्रूच्या कॉशिगीचा अर्थ लावता लावता सिल्ला या प्राचीन कोरियन राज्याचं सैन्य मेटाकुटीला येतं.

‘अं…’ला प्रत्यय लागत नाहीत, याला लागतात. ‘कॉशिगीगा’ झालं की कर्ता, ‘कॉशिगीरुल’ झालं की कर्म, ‘हादा’ (जॉल्लात ‘हॉदा’) जोडलं की क्रियापद. आपण ‘त्या ह्याला सांग’, ‘जरा ते हे कर’ म्हणतो, अगदी तसंच. वाक्य मोडत नाही, फक्त एक जागा रिकामी राहते आणि ती ऐकणाऱ्याने भरायची असते.

म्हणून ऐकताना आधी प्रत्यय पकडा, मग मागची दोन-तीन वाक्यं आठवा. बोलण्यात कर्माचा प्रत्यय सर्रास गळतो. तेव्हा लगेच पुढे क्रियापद आलंय का ते पाहा. प्रत्यय नाही आणि मागेपुढे विराम आहे, तर माणूस नुसता वेळ काढतोय. अशा वेळी बरेचदा जोडीला ‘म्वॉशिन्या’ (‘काय बरं ते’) असतं. ‘चोम कॉशिगीहादा’ ऐकलं तर बहुधा ‘जरा अवघडल्यासारखं होतंय’ असं समजा.

वापरायचं तर ओळखीच्यांत, विषय दोघांनाही ठाऊक असताना. अनोळखी माणसाला संदर्भच नसतो, त्यामुळे तो ती जागा भरू शकत नाही. शिवाय गुप्तांगाचं नाव टाळायलाही हाच शब्द वापरतात, तेव्हा दवाखान्यात जपून! लेखी परीक्षेत तर नकोच.

त्यापेक्षा वाक्याअखेरच्या ‘इंग’पासून सुरुवात करा. तो आदरार्थी ‘यो’नंतरही लागतो आणि बोलणं मऊ करतो. मात्र नुसतं ‘इंग’ म्हणजे सलगीतला ‘हो’. वडीलधाऱ्यांना ‘ये’ म्हणायचं.