बाटली भरलेली का येते?

भुसावळच्या एका आईचं चार पानी पत्र आलंय. मुलगी सव्वातीन वर्षांची. आई जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात हिशेब बघते, रोज गाडीने अपडाऊन. वडील रेल्वेत, शिफ्ट ड्यूटी. मुलगी सकाळी नऊ ते बारा नर्सरीत, मग त्याच इमारतीच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पाळणाघरात, संध्याकाळी साडेसहापर्यंत. नर्सरीच्या मॅडम म्हणतात, "मुलगी मागे पडतेय. एबीसीडी गिरवत नाही, वर्गात तोंड उघडत नाही. घरात अहिराणी बोलता ना, ते आधी बंद करा." सासूबाई पारोळ्याकडच्या, महिन्यातले पंधरा दिवस भुसावळला असतात. त्या म्हणतात, "पोर सुकाई गयी, नोकरी सोड." नवऱ्याचं मत, सगळीच पोरं आधी रडतात. आईचा प्रश्न असा: नर्सरी बदलू, नोकरी सोडू, की सासूबाईंना नातीशी बोलण्यापासून अडवू?

ताई, पत्र दोनदा वाचलं. चारातली तीन पानं फी, गिरवणं आणि शेजारच्या मुलाने वहीभर लिहिलेले एक ते पन्नास आकडे यांच्यावर गेली आहेत. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, तुम्ही सहज लिहून गेलात: "पाण्याची बाटली भरलेली तशीच परत येते. घरात पाऊल टाकलं की आधी मोरीकडे पळते. दोन महिन्यांत चार-पाचदा अंथरूण ओलं झालं, आधी होत नव्हतं." मला विचाराल तर तुमचं पत्र तिथून सुरू होतं.

एवढीशी मुलगी साडेनऊ तास लघवी दाबून धरते, आणि दाबता यावी म्हणून पाणीच पीत नाही, असं मला दिसतंय. तेही आपल्याकडच्या मार्चमध्ये, पत्र्याखाली. एप्रिल-मे अजून यायचाय. तेव्हा पहिलं काम शाळेचं नाही, डॉक्टरांचं. या आठवड्यातच मुलांच्या डॉक्टरांकडे न्या आणि लघवी तपासून घ्या. लघवी रोखून धरणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या मुलींना संसर्ग पटकन होतो, शी कडक होते, आणि पोट साफ नसलं की अंथरूण ओलं होणं वाढतं. अंथरुणावरून तिला रागावू नका, पाहुण्यांसमोर तर विषयही काढू नका.

आता ती असं का करते? मी तिथे नाही, त्यामुळे हा माझा अंदाज समजा. त्या वर्गात बाहेर जायचं तर इंग्रजीत विचारायचं, असा नियम आहे का ते बघा. पुष्कळ ठिकाणी असतो आणि तो कौतुकाने सांगितलाही जातो. तुमची लेक घरी "माले सू लागनी" म्हणते. तिथे तेच म्हटल्यावर कुणी हसलं असेल, किंवा "नीट सांग" म्हणालं असेल. पुन्हा विचारण्यापेक्षा रोखून धरणं तिला सोपं वाटलं.

हे मी वरवर बोलत नाही. धुळ्याला अकरा वर्षं बालवाडीत होते. पहिल्याच वर्षी एका पोराला मी "आधी मराठीत सांग" म्हणून उभं ठेवलं. चांगलं वळण लावतेय असं मला वाटत होतं. त्याचं तिथेच झालं, चड्डीत. पुढे पंधरा दिवस तो माझ्या बाजूला बघेना. त्याची आजी मात्र काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी फक्त चड्डीचा एक जादा जोड घेऊन आली. ती चड्डी मी अजून विसरलेली नाही.

तुमच्या यजमानांची नाइट ड्यूटी असेल त्या दिवशी, झोप झाली नसली तरी, त्यांना साडेदहाला नर्सरीत पाठवा. आधी फोन न करता. भांडायला नव्हे, डबा राहिला म्हणून. बापाने एकदा हे डोळ्यांनी बघितलं की "सगळीच रडतात" हे वाक्य घरातून आपोआप कमी होईल. संडास बघायचा: दाराची कडी मुलीच्या हाताला येते का, पाणी आहे का, सोबत कोण जातं. माठ की फिल्टर, आणि ग्लास मुलांच्या हाताला लागतो का. मग एखाद्या दिवशी दुपारी दोनला वर पाळणाघरात जाऊन बघायचं: पत्रा किती तापतो, कूलर लावतात की नुसता दाखवायला ठेवलाय. मोठी माणसं किती आणि मुलं किती, हेही मोजायचं. केंद्राच्या २०१३ च्या बालसंगोपन-शिक्षण धोरणात तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीनच्या आतल्या दहा मुलांमागे एक, असं प्रमाण दिलंय. चाळीस मुलांत एक मॅडम आणि एक मावशी असतील, त्यातही मावशी झाडूपोछ्यात, तर भिंतीवरच्या कार्टूनचा काय उपयोग?

सगळ्यात महत्त्वाचं, दहा मिनिटं नुसतं ऐकायचं. "बस", "चूप", "हात मागे" याखेरीज मुलांशी कुणी काही बोलतं का? एखादं मूल सांगायला आलं तर बाई खाली वाकते का? रडणाऱ्याजवळ कोण जातं? माझ्या लेखी नर्सरीचा दर्जा एवढ्यात कळतो. मोबाइलवर दिसणारा सीसीटीव्ही तुम्हाला फक्त मूल बाकावर बसलंय एवढं सांगेल.

गिरवण्याचं म्हणाल, तर सव्वातीन वर्षांची बोटं पेन्सिलीला तयारच नसतात. ती मागे नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातून शिकायचा आहे. पहिलीला सहाव्या वर्षी जायचंय, म्हणजे अजून पावणेतीन वर्षं हातात आहेत. त्यात माती मळणं, मणी ओवणं, या भांड्यातून त्या भांड्यात पाणी ओतणं, डाळीतून खडे वेचणं हे सगळं व्हायला हवं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला हेच धरलं होतं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. सासूबाई नातीला पुढ्यात घेऊन शेंगा फोडतात, मोठ्या शेंगा इकडे, पोचट तिकडे, भुलाबाईची गाणी म्हणतात, असं तुम्हीच लिहिलंय. ताई, त्या महिन्याची फी न घेता नर्सरी चालवताहेत.

म्हणून अहिराणी बंद करायची नाही. ज्या मुलीकडे एका भाषेत भरपूर शब्द आहेत तिला दुसरी उचलायला सोपं जातं. जिला घरातच गप्प केलं, ती वर्गात काय बोलणार? उलट मॅडमना एक चिठ्ठी द्या: "माले सू लागनी", "पानी जोयजे", "भूक लागनी", "डोकं दुखस". चारच वाक्यं. भुसावळात पुष्कळांच्या घरी लेवा बोली बोलतात, त्यामुळे मावशींना हे परकं वाटायचं कारण नाही. मॅडम हसून चिठ्ठी ठेवून घेतील तर जूनपर्यंत संधी द्या. "आमच्याकडे हे चालत नाही" म्हणाल्या, तर पुढच्या वर्षाची फी भरू नका.

मग ठेवायचं कुठे? वॉर्डातली अंगणवाडी बघून या. सेविका चांगली असेल तर तीन ते सहाच्या मुलांसाठी ती उत्तम, गरम आहारही मिळतो. पण ती काही तासांचीच, तुमची संध्याकाळ त्यात सुटत नाही. मला तरी पत्र्याच्या खोलीपेक्षा चार-पाच मुलं घरात सांभाळणारी शेजारची काकू बरी वाटते, इंग्रजी न येणारी का असेना. आणि तुमच्या कारखान्यात पन्नास किंवा जास्त लोक कामाला असतील, तर कायद्याने पाळणाघराची सोय मालकाने करायची आहे (ही तरतूद २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात आली, आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे), आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. एकटीने मागू नका, चार-पाच जणी मिळून लेखी द्या. गर्दीच्या गाडीतून मुलीला रोज जळगावला नेणं अवघड आहे, ते मला कळतं. पण तिथल्या बाकीच्या आयांना तरी उपयोग होईल.

नोकरी सोडण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका. सासूबाईंचा सल्ला मला पटत नाही, पण पोर सुकतेय हे घरात पहिल्यांदा त्यांना दिसलं. तेवढं त्यांना सांगा, तुमच्या तोंडून. त्या भुसावळला असतील ते पंधरा दिवस लेकीला बाराला घरी आणता येईल का, हेही त्यांनाच विचारा. गुडघे दुखत असतील तर आणायचं काम यजमानांचं.

तपासणीत काय निघालं आणि बाटली कितपत रिकामी येते, ते कळवा.