लिनक्सवर निवडलेले ध्वनी-साधन टिकत नाही. हा बग कोठे आणि कसा कळवावा?

आपण विचारले आहे की, एचडीएमआय केबलने जोडलेला टीव्ही ध्वनीच्या सेटिंगमध्ये निवडला तरी काही वेळाने आवाज पुन्हा लॅपटॉपच्या स्पीकरमधून येऊ लागतो. मग हा दोष कळवायचा कोणाला?

हिंगोली जिल्ह्यातील एका शाळेत मला हाच अनुभव आला, आणि माझ्या पहिल्या तक्रारीत मी ‘लाइट जाऊन आली की आवाज बिघडतो’ एवढेच लिहिले होते. ज्याला भारनियमन ठाऊक नाही, त्याला त्यावरून काहीच उलगडले नाही. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि टीव्ही बंद पडतो, म्हणजे संगणकाच्या लेखी केबलच निघालेली असते. म्हणून ‘केबल काढा, दहा सेकंद थांबा, पुन्हा जोडा, कोणते साधन निवडलेले दिसते ते पाहा’ असे लिहावे; मग तो दोष कोणालाही आपल्या टेबलावर घडवून पाहता येतो.

सेटिंगची खिडकी हा केवळ दर्शनी भाग आहे. अलीकडच्या बहुतेक वितरणांत (उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या तयार संचांत) आवाज पाइपवायर ही प्रणाली वाहून नेते आणि कोणते साधन मुख्य ठरवायचे हे तिच्या जोडीचा वायरप्लंबर हा प्रोग्राम पाहतो. दोष घडताच टर्मिनलमध्ये ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’ (wpctl status) ही आज्ञा द्या व साधनांच्या यादीतील तारांकन (*), म्हणजे मुख्य साधनाची खूण, पाहा. तारांकन टीव्हीवर असूनही खिडकी स्पीकर दाखवत असेल, तर चूक डेस्कटॉपची, म्हणजे खिडक्या व मेनू दाखवणाऱ्या प्रणालीची. डेस्कटॉप प्लाझ्मा असल्यास केडीईच्या बगझिलावर आणि ग्नोम असल्यास त्यांच्या गिटलॅबवर नोंद करावी; ही दोन्ही दोष नोंदवण्याची संकेतस्थळे आहेत. तारांकनच स्पीकरकडे सरकले असेल, तर फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाच्या गिटलॅबवरील वायरप्लंबरच्या पानावर नोंद करावी.

तत्पूर्वी संगणकावर नवे खाते उघडून तेथेही दोष येतो का, हे अवश्य पाहा. जुन्या खात्यात साठलेली निवडही कधी कधी असा घोळ घालते. वितरण, डेस्कटॉप, पाइपवायर आणि वायरप्लंबर यांच्या आवृत्त्या लिहाव्यात.

‘पीएसीटीएल’ (pactl) या ध्वनीची स्थिती सांगणाऱ्या आज्ञेने मिळालेली माहिती जोडताना तीत आपले वापरकर्ता-नाव, संगणकाचे नाव, कधी ब्लूटूथचा पत्ताही असतो, तो भाग आधी पुसावा. डेस्कटॉप मराठीत असल्यास भाषा तात्पुरती इंग्रजी करून मगच स्क्रीनचे चित्र घ्यावे, नाहीतर पहिला प्रश्न त्या चित्रात काय लिहिले आहे, हाच येतो.