अमेरिकेतील संग्रहालयांना मूलनिवासी समाजांच्या पवित्र वस्तू मांडण्यापूर्वी त्या समाजांची संमती घ्यावी लागते का?

होय. संघराज्य सरकारचा निधी घेणाऱ्या संस्थांवर १९९० च्या कायद्याने मानवी अवशेष, दफनवस्तू आणि पवित्र वस्तू परत करण्याची जबाबदारी टाकलीच होती. जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार अशा वस्तू प्रदर्शित करण्यापूर्वी किंवा त्यांवर संशोधन करू देण्यापूर्वी संबंधित जमातीची, पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती आवश्यक ठरली. त्यामुळे त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने आपली दोन दालने बंद केली. माझ्या मते मात्र मांडणीपेक्षा जतनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण किडीपासून रक्षण व्हावे म्हणून पूर्वी अनेक वस्तूंवर आर्सेनिक हे विष लावले जाई आणि विधीसाठी पुन्हा चेहऱ्यावर चढणारा मुखवटा परत करताना या विषाची स्पष्ट कल्पना देणे हेही संस्थेचेच कर्तव्य आहे.