वाचक विचारतात: संदेष्टे इस्राएलला ‘व्यभिचारी बायको’ का म्हणतात?

प्रश्न: बायबलमधलं होशेयचं पुस्तक वाचतोय. मूर्तिपूजेवरून देव एवढा का चिडतो, आणि सारखी नवरा-बायकोचीच भाषा का?

उत्तर: कारण सिनाय डोंगरावर देव आणि इस्राएल लोकांमध्ये झालेला करार. तुम्ही माझे लोक, मी तुमचा देव, असं लग्नासारखं ठरलेलं, म्हणून दुसऱ्या देवामागे जाणं हे त्यांच्या लेखी नुसतं चुकीचं नाही तर बेइमानी होती. होशेय हा संदेष्टा इ.स.पू. 8व्या शतकातला, इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यातला, त्याच्या स्वतःच्या बायकोचं, गोमरचं बेइमानीचं प्रकरण तो यात आणतो. लोकांना वाटायचं की धान्य, द्राक्षारस, तेल हे सगळं बआल हा कनानी देव देतो, आणि देव म्हणतो अरे ते तर मीच देत होतो! शिवाय कधी इजिप्त कधी अश्शूर अशी राजकीय पळापळ, तीसुद्धा त्याच हिशोबात धरलीय. पुढे इ.स.पू. 722च्या सुमारास अश्शूरने शोमरोन, म्हणजे उत्तरेकडच्या राज्याची राजधानी, घेतलं, आणि तो न्यायनिवाडाच मानला गेला.

यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातले 16 आणि 23 हे अध्याय मात्र फार जड जातात, बाईला उघडं पाडून मारायची ती चित्रं मलाही खटकतात, बऱ्याच अभ्यासकांनीही त्यावर टीका केलीय. होशेयचा 11वा अध्याय आधी वाचा, तिथे देव बापासारखा बोलतो, एफ्राइमला (म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएललाच) सोडून देववत नाही त्याला.