ऑइलचा काटा पडला: मीटर खोटं की इंजिन?

जुन्या ट्रकांविषयीच्या पत्रांत सगळ्यात जास्त पत्रं ऑइल प्रेशरच्या काट्याची असतात आणि घोळ दरवेळी एकच. काटा खाली आला की एक जण घाबरून इंजिन खोलायला निघतो, दुसरा ‘मीटरच बिघडलंय’ म्हणून गाडी हाणत राहतो. प्रेशर खरोखर किती आहे ते मोजायचं मात्र दोघांनाही सुचत नाही. म्हणून या वेळी बाकी प्रश्न बाजूला ठेवले आहेत.

प्रश्न : थंड इंजिनाला काटा पाच किलोवर (दर चौरस सेंटीमीटरला पाच किलो दाब) असतो, गरम झाल्यावर तीनवर येतो. बिघाड आहे का? (अहिल्यानगर)

नाही. ऑइल तापलं की पातळ होतं.

प्रश्न : रात्री हेडलाइट लावले की ऑइल, टेम्परेचर आणि डिझेल, तिन्ही काटे एकदम हलतात. तिन्ही मीटर बदलायला सांगितलंय. (मालेगाव)

एकही बदलू नका. मीटर बोर्डाची अर्थ (अर्थिंगची जोडणी) सैल आहे किंवा गंजली आहे. इलेक्ट्रिशियनकडून ती साफ करून घट्ट करून घ्या. तिन्ही मीटर एकाच दिवशी मेले असं सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

प्रश्न : इंजिन बंद असताना नुसती चावी फिरवली तरी काटा थेट शेवटच्या आकड्यावर जातो. मीटर गेलं का? (चंद्रपूर)

बहुतेक वायर किंवा सेंडर, म्हणजे ऑइलचं प्रेशर मीटरला कळवणारा भाग. मीटरचा नंबर शेवटी.

इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेल्या सेंडरमध्ये प्रेशरप्रमाणे विजेचा रोध बदलतो आणि त्यावर काटा हलतो. काही सेंडरांत प्रेशर वाढलं की रोध वाढतो, काहींत उलटं. त्यामुळे वायर तुटली तर एका गाडीचा काटा वर जाऊन चिकटतो, दुसरीचा शून्यावर झोपतो. तपासणी सोपी आहे. चावी चालू ठेवून सेंडरची वायर काढा, काटा कुठे जातो ते पाहा. मग त्या वायरचं टोक क्षणभरच ब्लॉकला लावा. काटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक, दोष सेंडरचा. हललाच नाही तर सेंडरपासून मीटरपर्यंत वायर तपासा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ तिचं आवरण वितळून ती ब्लॉकला टेकलेली अनेकदा सापडते. टोक लावून धरून ठेवू नका, मीटरची कॉइल जळू शकते. हाताला सवय नसेल तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनलाच करू द्या.

प्रश्न : नवीन सेंडर बसवल्यापासून प्रेशर बरोबर निम्मं दिसतं. दुकानदार म्हणतो, ‘सगळ्यांना हाच चालतो.’ (कळंबोली)

चालत नाही. एका प्रचलित जातीचे सेंडर १० ते १८० ओहम रोधाचे असतात आणि त्यांत ५ बारचा नि १० बारचा हे दोन्ही येतात. दिसायला सारखे, आटे सारखे, ओहमही सारखे. तुमचं मीटर ५ बारचं आणि सेंडर १० बारचा असेल, तर खरं प्रेशर ४ असताना काटा २ दाखवणार. (बार आणि किलो यांत व्यवहारापुरता फरक धरू नका.) जुना सेंडर फेकला नसेल तर त्याच्या अंगावरचा आकडा वाचा, तोच आकडा असलेला मागा. आणखी एक गोष्ट, नव्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली आहे का ते पाहा. एका टर्मिनलच्या सेंडरला अर्थ आट्यांतूनच मिळते. टेपचे चार वेढे मारले की ती तुटते आणि काटा वाटेल ते सांगू लागतो.

प्रश्न : माझी जुनी सहा टायरी गाडी ऊस वाहतुकीला आहे. भरलेली गाडी तापली की ऑइलचा काटा शून्याजवळ येतो. लाल दिवा मात्र लागत नाही. फिटर म्हणतो, दिवा लागत नाही म्हणजे इंजिन ठणठणीत, काटा जुना झालाय, हंगाम संपल्यावर बघू. (कराड)

गाडी आज उभी करा.

‘दिवा लागत नाही म्हणजे ठीक’ ही ऐकीव गोष्ट महाराष्ट्रातल्या निम्म्या टपऱ्यांवर चालते. दिव्याचा स्विच साधारण अर्ध्या किलोच्या आसपास चालू-बंद होतो. प्रेशर पाऊण किलोवर असलं तरी तो विझलेलाच राहणार. रिकाम्या गाडीला न्यूट्रलमध्ये तेवढं पुरेलही. ऊस भरून चढ चढताना ते अजिबात पुरत नाही. दर हजार आरपीएमला किमान पाऊण किलो, हा ढोबळ हिशेब डिझेल फिटरांत चालतो. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये आहे, तोच धरा. क्रँक आणि बेअरिंगच्या मधे ऑइलचा जो पातळ थर असतो तो गेला की धातूवर धातू घासतो. टर्बो असेल तर तो आधी जातो, कारण त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि त्याला तेच ऑइल मिळतं.

आता क्रम सांगतो. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक काढा. ऑइल कमी आहे का? की उलट वाढलंय? वाढलं असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा वास आला तर फीड पंप किंवा नोझलमधून डिझेल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतंय, ऑइल पातळ झालंय, तिथेच उत्तर सापडलं. रंग दुधाच्या चहासारखा दिसला तर पाणी शिरलंय, मग स्टार्टरला हातही लावू नका. हे दोन्ही नसेल तर सेंडर काढून त्याच भोकात फिटरचं मेकॅनिकल प्रेशर गेज बसवा. आटे जुळणारा अॅडॅप्टर घ्या, जबरदस्तीने पिळू नका. इंजिन पूर्ण तापवून आयडलला आणि रेसवर दोन्ही आकडे लिहून घ्या. थंड इंजिनावर घेतलेलं माप कागद भरण्याच्या लायकीचं.

गेजवर प्रेशर चांगलं निघालं तर सेंडर बदलला की काम झालं. कमी निघालं तरी लगेच ‘हाफ इंजिन’ला (इंजिन खोलून करायच्या मोठ्या दुरुस्तीला) होकार देऊ नका. जादा प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये बारीक कचरा अडकून तो उघडाच राहिलाय का, चेंबरमधली जाळी गाळाने बुजलीय का, हे आधी. मग ऑइल पंप, मग बेअरिंग. ही तपासणी चांगल्या डिझेल फिटरसमोर उभं राहून करून घ्या. हंगामात एक दिवस जाईल, हे मला कळतं. क्रँक घासला तर हंगामच जाईल. आणि दिव्याची वायर कुणी काढून तर ठेवली नाही ना, तेही पाहा. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो लागलाच पाहिजे.

प्रश्न : दुकानदाराने ऑइलमध्ये टाकायची एक बाटली दिली. काटा खरंच वर आला. दर महिन्याला टाकू का? (सोलापूर)

नको. ऑइल घट्ट झालं, झीज होती तिथेच आहे. आता ती दिसत नाही एवढाच फरक, आणि सकाळी थंड इंजिनात वरपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागेल तो निराळा. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल भरा आणि वरच्यासारखं प्रेशर मोजून घ्या.

प्रश्न : सेकंडहँड टिपर घेतोय. ऑइलचा काटा कायम मधोमध, अगदी स्थिर. चांगलं लक्षण ना? (फोंडा, गोवा)

वाईट लक्षण. चावी चालू आणि इंजिन बंद असताना काटा शून्यावर हवा. सुरू केल्यावर चढायला हवा, रेस सोडली की थोडा उतरायला हवा. तेव्हाही मधोमधच असेल तर काटा अडकलाय किंवा विकणाऱ्याने वायरमध्ये रोध जोडून तो ‘छान’ जागी बसवलाय. बाहेरचं गेज लावू देत नसेल तर बयाणा देऊ नका. आणि विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे, तुमचा फिटर सोबत न्या.

प्रश्न : आमच्या गाडीला वायर नाही, तांब्याची बारीक नळी थेट मीटरपर्यंत येते. मीटरमागून ऑइल झिरपतं. एम-सील लावलं तर चालेल? (नांदेड)

चालणार नाही. त्या नळीत इंजिनाचं पूर्ण प्रेशर आहे. ती सुटली तर गरम ऑइल केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या पायांवर आणि वायरिंगवर, आणि इंजिन तिकडे रिकामं होत जाणार. फिटिंगची कोनी (नळीचा जोड घट्ट बसवणारी बारीक रिंग) बदला, नळी कुठे चिमटली किंवा घासली असेल तर पूर्ण नळी नवी टाका, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे नळी घासू न देणारी रिंग, बसवा. हे होईपर्यंत ब्लॉकवरचं भोक योग्य आट्याच्या प्लगने बंद करून घ्या. पण मग गाडीत काटाच उरत नाही, तेव्हा दुरुस्तीच्या जागेपलीकडे ती हलवू नका.