नाना फडणविसांचे चित्र कितपत विश्वसनीय?

प्रश्न : सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे समोरासमोर बसलेले तैलचित्र, तसेच पेशव्यांच्या दरबारात इंग्रज वकील तहनामा सादर करीत असल्याचे चित्र आपण पुस्तकांतून नेहमी पाहतो. ही चित्रे प्रत्यक्ष पाहून काढलेली आहेत काय?

उत्तर : पहिल्या चित्राबाबत होकार देता येतो, दुसऱ्याबाबत मात्र नाही. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला आणि पुण्यातील कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याला पेशवे दरबारात प्रवेश मिळाला. पेशवे आणि नाना यांचे १७९२ चे ते तैलचित्र, जे आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे, त्याने त्यांना प्रत्यक्ष पाहून रंगविले. आपल्याकडील लघुचित्रांत चेहरा बहुधा एका बाजूने दाखवीत. वेल्सने तो किंचित वळवून, छायाप्रकाशासह रंगविला. दागिन्यांनी मढलेले तरुण पेशवे आणि त्यांच्यासमोर साध्या पांढऱ्या पोशाखातील कृश, लांबट चेहऱ्याचे नाना हा विरोध चित्रात सहज नजरेत भरतो. आज नानांचा चेहरा म्हणून आपल्या डोळ्यांपुढे जो उभा राहतो, तो मुख्यतः वेल्सचाच आहे.

दरबाराच्या चित्राची हकिकत निराळी आहे. टिपूविरुद्धच्या त्या तहाचा समारंभ ऑगस्ट १७९० मध्ये झाला, तेव्हा वेल्स हिंदुस्थानात पोहोचलाही नव्हता. मॅलेटच्या इच्छेनुसार त्याने पुढे एकेका व्यक्तीची आणि वाड्याची रेखाटने तयार केली. परंतु नोव्हेंबर १७९५ मध्ये, सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही आठवड्यांत, तोही वारला. मॅलेटने ती रेखाटने विलायतेस नेऊन टॉमस डॅनियलच्या स्वाधीन केली आणि डॅनियलने त्यांवरून १८०५ मध्ये चित्र पूर्ण केले. समारंभ त्यानेही पाहिलेला नव्हता. त्यामुळे त्यातील चेहरे व पोशाख यांना पुराव्याचे मोल असले, तरी कोण कोठे बसले होते, दरबारात मॅलेटला किती मान होता, याबाबत त्या चित्रावर भिस्त ठेवू नये. चित्र करवून घेणारा स्वतःच त्याचा नायक होता, आणि काही काळापूर्वी, १७९९ मध्ये, त्याने वेल्सच्याच मुलीशी विवाह केला होता. मामला तसा घरचाच!

प्रश्न : या कामात मराठी चित्रकारांचा काही वाटा होता काय?

उत्तर : होता. मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात चित्रकलेची एक शाळा निघाली होती आणि तेथे तयार झालेला गंगाराम चिंतामण तांबट वेल्ससाठीही काम करीत असे. वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली रेखाटने आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहेत.