हात जिथे अडखळेल

प्रिय,

परदेशात काय काय पाहायचं याची यादी तू केलीच आहेस, त्यात मी भर घालत नाही. एकच सांगतो. तिथे रोजचं साधं काम करताना तुझा हात जिथे अडखळेल, तिथे जरा थांब.

पहिल्या रात्री तो बहुतेक भिंतीपाशीच अडखळेल. लंडनला मी चार्जर हातात धरून उभा होतो आणि पिन आत जाईना. चिडून तिथला एक प्लग निरखला, तेव्हा कळलं की तिथल्या पिनेतला अर्थिंगचा दांडा मुद्दाम लांब ठेवलाय. तो आधी आत जातो आणि बाकीच्या दोन भोकांवरची झाकणं उघडतो. लहान मुलानं त्या भोकांत काही खुपसू नये म्हणून ही योजना. शिवाय प्रत्येक पिनेच्या पोटात स्वतंत्र फ्यूज. हे कुणीतरी बसून, विचार करून ठरवलंय! बटण दाबलं की दिवा लागतो, एवढ्यावरच माझं त्या दिवसापर्यंत भागलं होतं.

जपानची गोष्ट तर मनाला चटका लावणारी. 1890च्या दशकात टोकियोनं जर्मन जनित्रं घेतली, ओसाकानं अमेरिकन. म्हणून आजही पूर्वेकडे 50 हर्ट्‌झची वीज आहे, पश्चिमेकडे 60 ची. हा आकडा म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी, सेकंदाला होणारी तिची आवर्तनं. मार्च 2011च्या भूकंपानंतर पूर्वेची वीजकेंद्रं बंद पडली, तेव्हा पश्चिमेकडून पुरेशी वीज देता येईना. फ्रिक्वेन्सी बदलून देणारी यंत्रणा अगदीच तोकडी होती. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या खरेदीनं लोकांना अंधारात बसवलं.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का, हे पोचल्या पोचल्या विचार. नसेल तर दातही त्या पाण्यानं घासू नकोस. युरोपात सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी खिशात सुटी नाणी ठेव. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा लागेल ते शनिवारीच आणून ठेव.

आणि अ‍ॅडॉप्टरवर विसंबू नकोस. तो फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. फक्त 120 व्होल्टचा हेअर ड्रायर 230 वर लावलास, तर तो जवळपास चौपट वीज ओढेल आणि जळेल. तुझ्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ची ओळ असते. तिथे 100 ते 240 व्होल्ट आणि 50/60 हर्ट्‌झ लिहिलंय का, ते आजच उजेडात धरून वाच आणि मला कळव.

तुझा,
काका